एकतीसपैकी एकतीस

“यात मासळी कुठंय?” सेलासी मॅडमनी विचारलं.

मी त्यांच्या टेबलापाशी उभी होते आणि त्या माझे बारा फोटो एकेक करून बोटानं बाजूला सारत होत्या. फोटो तसे चांगले आले होते. उन्हात चकाकणारी नवी भट्टी आणि शेजारी हसणारी बाई. भट्टीचा खण अर्धा बाहेर ओढून हसणारी दुसरी बाई. मग तिसरी. मासळी मात्र एकाही फोटोत नव्हती.

“शुक्रवारी आक्राहून पाहुणे येणार,” मॅडम म्हणाल्या. “मासळी भाजायची भट्टी दाखवायची आणि तिच्यात मासळीच नाही, हे बरं दिसेल का? पहिल्या पानावर भरलेल्या भट्टीचा एक तरी फोटो हवा. उद्या जाऊन येता का, एफुआताई?”

“उद्या मंगळवार,” मी म्हणाले. “समुद्र बंद. होड्याच जात नाहीत, तर मासळी कुठली? परवा पहाटेच जाते.”

मॅडम आमच्या किनाऱ्यावरच्या नाहीत, तिकडे डोंगरातल्या हो नावाच्या गावच्या. त्यांनी मान हलवली आणि वहीत ‘बुधवार’ असं लिहून घेतलं. मी फोटो गोळा केले आणि जागेवर येऊन बसले. इतकं स्वच्छ, स्वतःच्या तोंडानं बोलूनही माझ्या डोक्यात काडीचाही उजेड पडला नाही. पुढे जे झालं त्यात मला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याच वाक्याची.

माझं नाव एफुआ बेंत्सिल. वय सेहेचाळीस. केप कोस्टच्या बर्फाच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं खिडकीवर होते. माणूस यायचा, किती लाद्या हव्यात ते सांगायचा आणि तो सांगेल ते मी चिठ्ठीवर लिहायचे. एकोणीस वर्षांत एक चिठ्ठी चुकली नाही. मग कारखाना बंद झाला. नवरा तेम्याला असतो, म्हणजे नक्की कुठे असतो ते विचारू नका. थोरली मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, धाकटी अजून शाळेत. अशा वेळी या कार्यशाळेत प्रशिक्षणाला घेतलं, तेव्हा मला वाटलं देवानं दार उघडलं. पण दार नुसतं किलकिलंच होतं. शिकणारे आम्ही पाच जण, आणि सहा महिन्यांनी कायमची नोकरी एकालाच. बाकीचे चौघे पंचविशीच्या आतबाहेर. त्यांच्यातला फिफी कॉम्प्युटरवर अशी काही चित्रं काढायचा, की मी माझे कागद त्याच्यासमोर उघडतच नसे.

शिकायचं होतं ते ऐकायला सोपं. नवी वस्तू काढायची तर आधी जो ती वापरणार त्याच्याकडे जा. त्याच्याशी बोल, त्याला काम करताना बघ, मग वस्तू बनव, त्याच्याकडे परत जा, परत बदल. कागदावर तीन रकाने असायचे : ऐकलं, पाहिलं, आणि स्वतःला वाटलं. मॅडमचा नियम होता की तिन्हींची सरमिसळ करायची नाही. ‘ऐकलं’चा रकाना माझ्याइतका कुणी भरत नसे. बायका बोलतील तो शब्द न् शब्द. बर्फाच्या खिडकीचा हात होता तो.

मला भट्टीचं काम मिळालं होतं. आमच्याकडे मासळी भाजतात ती मातीच्या उघड्या भट्टीवर. वर तारेच्या जाळ्यांची उतरंड, खाली लाकूड, आणि बायकांचे डोळे जन्मभर लाल. कार्यशाळेनं लोखंडी भट्टी काढली. दार बंद, धूर चिमणीतून वर, आणि जाळ्यांच्या जागी कपाटासारखे ओढायचे खण. अम्पेन्यी गावात तीन भट्ट्या तीन महिन्यांसाठी वापरून बघायला दिल्या होत्या आणि त्या वापरणाऱ्या-बघणाऱ्या एकतीस जणींशी मी बोलून आले होते. एकतीसपैकी एकतीस जणी म्हणाल्या, भट्टी छान आहे. शुक्रवारी हा आकडा ऐकून पाहुणे दोनशे भट्ट्यांना मंजुरी देणार होते. आणि मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की एवढा स्वच्छ निकाल बाकी कुणाचाच नाही. म्हणजे ती एकुलती एक नोकरी जवळजवळ माझ्या हातात होती. जवळजवळ हातात असलेल्या वस्तूनं माणसाची जेवढी झोप उडते, तेवढी नसलेल्या वस्तूनं उडत नाही.

बुधवारी पहाटे पाचच्या ट्रोट्रो व्हॅनमध्ये चेंगरून बसले आणि सातला अम्पेन्यीत उतरले. शेवटच्या होड्या नुकत्याच लागल्या होत्या. ऑगस्टमधल्या तारलीनं गच्च भरलेल्या पाट्या डोक्यावर घेऊन बायका वाळूतून पळत होत्या. माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. एरवी मी आले की चार घरांतून हाका यायच्या.

तेचिवा मावशी माझ्या आईच्या बरोबरीची. तीन नव्या भट्ट्यांपैकी एक तिच्याकडे होती. मी तिच्या भट्ट्यांच्या छपरात शिरले. मातीच्या तिन्ही भट्ट्या धडाडून पेटल्या होत्या, प्रत्येकीवर दहादहा जाळ्या. कोपऱ्यात आमची लोखंडी भट्टी थंडगार उभी होती. तिच्यावर सरपण रचलेलं होतं आणि सरपणावर कोंबडी बसली होती.

मावशीनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा असा झाला, जसा उघड्या ट्रंकेतलं काही दिसू नये म्हणून झाकण आपटणाऱ्या माणसाचा होतो. भाचीला, आजोआला, तिनं नुसती मान हलवून खूण केली. आजोआनं कोंबडी उडवली, सरपण उतरवलं, भट्टीवर ओलं फडकं फिरवलं. मी फोटोचं सांगितलं.

“मग त्यात काय,” मावशी म्हणाली. “पेटवते की. आत्ता पेटवते.”

“मावशी, त्यात नको,” आजोआ म्हणाली. “निम्मी मासळी तर…”

मावशीनं तिच्याकडे एकदाच पाहिलं. “पाहुणी आलीये.”

मग मावशीनं डोईचं फडकं बदललं, निळं नवं बांधलं. चार खणांत तारल्या एका ओळीत लावल्या, शेपटीला डोकं, शेपटीला डोकं. तिचे हात ते काम न बघता करत होते. मी फोटो काढला. त्या वर्षीचा माझा सगळ्यात सुंदर फोटो. नवी भट्टी, चांदीसारखी मासळी, निळं फडकं आणि हसू.

फोटो झाला म्हणजे माझं काम झालं होतं. पण परतीची गाडी दीड तासानं होती आणि विचारायला एकही प्रश्न उरला नव्हता, सगळे विचारून झाले होते. म्हणून मी एका पालथ्या पाटीवर बसले. वडीलधारी बाई धुरात उभी असताना हात मांडीवर ठेवून बसणं आमच्याकडे शोभत नाही. मी दोनदा उठले, दोनदा मावशीनं बसवलं. मग मॅडमचा नियम आठवला : मदत करायची नाही, बोलायचं नाही, बघायचं. तीन महिन्यांत मी तो पहिल्यांदाच पाळला, तोही गाडी नव्हती म्हणून.

अर्ध्या तासानं जाळ्या बदलायची वेळ झाली. खालची वर, वरची खाली, नाहीतर खालची मासळी करपते. मातीच्या भट्टीवर आजोआ आणि दुसरी एक बाई समोरासमोर उभ्या राहिल्या, जाळीची दोन टोकं धरली, उचलली, फिरवली, ठेवली. दहा जाळ्या झाल्या आणि दोघी एक शब्द बोलल्या नाहीत.

आमच्या भट्टीला टोक एकच. समोरचं. मावशी एकटी तिच्यापुढे उभी राहिली आणि फडक्यानं मूठ धरून तिनं खण ओढला. तो आला नाही. ज्या पट्ट्यांवर खण सरकतो त्या तापून फुगल्या होत्या. तिनं पुन्हा ओढला. मग भट्टीला पाय लावून हिसका दिला. खण एकदम सुटला आणि ओळीतल्या सगळ्या तारल्या घसरून पुढच्या कडेवर आदळल्या. भाजलेल्या मासळीला किती जीव असतो? डोकी तुटली, पोटं फुटली. दुसऱ्या खणातल्या शेपट्या वरच्या खणाच्या तळाला चिकटल्या होत्या, त्या तिथेच राहिल्या. तिसऱ्या खणाच्या वेळी मी उभी राहिले.

“बस, बस,” मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली.

चौथा खण ओढून झाला तेव्हा त्यात मासळी नव्हती, चुरा होता. मी त्याचाही फोटो काढला. का काढला मला माहीत नाही, हातात कॅमेरा होता आणि काहीतरी करायला हवं होतं.

मावशीनं चुऱ्यावर पाटी पालथी घातली. “भट्टी चांगलीच आहे, पोरी,” ती म्हणाली. “तसंच लिही. माझे हातच म्हातारे झालेत.”

आजोआ मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. वाटेत तिनं सगळं सांगितलं, खाली बघत, घाईघाईनं. मावशीनं त्या भट्टीत अकरा वेळा मासळी लावली होती. शेजारणी उठायच्या आत, म्हणजे कुणी बघू नये. अकराही वेळा हेच. त्यातली एक पाटी मन्केसिमच्या व्यापारणीकडे गेली, ती तिनं परत पाठवली. चाळीस वर्षांत मावशीची पाटी परत आली नव्हती. त्या दिवशी तिनं स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले आणि सांगून टाकलं, की हा हंगाम संपला की छप्पर आजोआचं. आपण आता बसून राहायचं.

“मला छप्पर हवंय,” आजोआ म्हणाली. “खोटं कशाला बोलू? पण असं नकोय.”

“मग मला आधी का नाही सांगितलंत? मी चारदा येऊन गेले.”

“तू यायचीस तेव्हा खण सरकायचा की. रिकामाच असायचा.” ती थांबली. “आणि पाहुणी दारात उभी असताना तिची वस्तू वाईट आहे म्हणून कोण सांगतं? तू सांगितलं असतंस?”

मी सांगितलं नसतं. पोरीनं मला पहिल्यांदाच नीट प्रश्न विचारला होता.

परतीच्या ट्रोट्रोत एका कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून मी पिशवीतले कागद काढले. एकतीस कागद. ‘पाहिलं’च्या रकान्यात एकतीस वेळा एकच वाक्य, माझ्या वळणदार अक्षरात : खण सहज सरकतो. मग मी वरच्या कोपऱ्यातल्या तारखा पाहिल्या. मंगळवार. मंगळवार. मंगळवार. मी बोटं दुमडत मोजत गेले आणि कुठेतरी वाटेत बोटं थांबली. एकही कागद दुसऱ्या दिवसाचा नव्हता.

असणार कसा? मासळी आलेल्या दिवशी भाजणाऱ्या बाईला गप्पांत गुंतवणाऱ्या माणसाला आमच्याकडे निर्लज्ज म्हणतात. बोलायला जायचं ते मंगळवारी. त्या दिवशी समुद्राला सुट्टी, बायका घरी, अंग धुतलेलं, मन मोकळं. त्या पाणी देतात, मग कशासाठी आलीस विचारतात, मग तासभर बोलतात. मी किनाऱ्यावरची लेक, मला हे शिकवावं लागलं नाही. फिफीला अम्पेन्यीला पाठवलं असतं तर तो कुठल्याही दिवशी तडमडला असता, चार शिव्या खाल्ल्या असत्या आणि पहिल्याच आठवड्यात त्याला सगळं कळलं असतं. मी सभ्यपणे गेले. तीन महिने मी विझलेल्या भट्ट्यांना त्यांचं कसं काय चाललंय ते विचारत होते.

माझ्याकडे आता दोन फोटो होते. पहिला दाखवला तर नोकरी माझी. दुसरा दाखवला तर माझ्या सहा महिन्यांचा चुरा, तोही मी स्वतःच्या हातानं केलेला. बरं, मावशीनं तर मला परवानगीच दिली होती. तसंच लिही म्हणाली होती. मी ऐकलेलंच लिहिणार होते, त्यात खोटं काय? पण दोनशे भट्ट्या म्हणजे दोनशे बायका आणि त्या पहाटे उठून आपापले हात उलटसुलट करून बघणार, हे काही डोळ्यांपुढून हलेना.

गुरुवारी मॅडमना सांगायला दोनदा गेले. त्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या गडबडीत होत्या. खरं सांगायचं तर मीच त्यांना गडबडीत राहू दिलं. शेवटी मागच्या अंगणात आतोदादाकडे गेले. आतोदादा वेल्डर, एल्मिनाचा, साठीला आलेला. भट्टी त्याच्या हातची. त्याला दुसरा फोटो दाखवला आणि जे पाहिलं ते सांगितलं.

त्यानं फोटो बराच वेळ पाहिला. मग हातोडी खाली ठेवली.

“मी विटा भरून ओढून पाहिला होता तो खण,” तो म्हणाला. “पन्नासदा. थंड असताना.”

“विटा चिकटत नाहीत, दादा.”

“हं.” त्यानं कपाळ पुसलं. “आणि तू गेलीस ती मंगळवारी. मला माहीत होतं तू मंगळवारी जातेस. मी म्हटलं, पोरीला रीत आहे.”

त्या अंगणात आमच्याइतकी मूर्ख माणसं त्या दिवशी दुसरी नव्हती आणि दोघांनाही ते कळलं होतं.

“काय करू?” मी विचारलं.

“चारदा बदलली मी ती भट्टी, तुझे कागद वाचून. मुठीचा रंग बदलला. चिमणी वीतभर वाढवली.” त्याचा आवाज चढला होता, तो त्यानं खाली आणला. “दोन्ही फोटो आहेत ना तुझ्याकडे? मग मला कशाला विचारतेस?”

त्यानं काचेचा मुखवटा तोंडावर ओढला आणि ठिणग्या उडवायला लागला. मी निघाले. राग कुणावर होता, माझ्यावर की स्वतःवर, ते कळलं नाही.

शुक्रवारी सभागृहात आमचे प्रमुख ओपारेसाहेब, आक्राहून आलेले दोन पाहुणे, मॅडम, आम्ही पाच जण. मागे दाराशी आतोदादा, धुतलेला सदरा घालून. फिफीचं आधी झालं आणि टाळ्या पडल्या. मग भिंतीवर मावशीचा फोटो आला, भिंतभर. निळं फडकं, चांदीची मासळी. पाहुण्यांतल्या बाई ‘वा’ म्हणाल्या.

सकाळी मक्याच्या केंकेचा एक घासही खाल्ला नव्हता. मला आठवतं, मी थोरलीच्या वसतिगृहाचा विचार करत होते. तिथली खिडकी नीट लागत नाही, एवढाच.

“आकडा सांगा, एफुआ,” ओपारेसाहेब प्रेमानं म्हणाले. “किती जणींशी बोललात?”

“एकतीस.”

“त्यातल्या किती जणींना भट्टी पसंत?”

“एकतीस.”

साहेबांनी पाहुण्यांकडे पाहिलं. मी तिथे थांबू शकले असते. तिथे थांबले असते तर ही गोष्ट मी सांगितली नसती, नोकरीवर गेले असते.

“पण सगळ्या मंगळवारी,” मी म्हणाले.

साहेबांना कळलं नाही. पाहुण्यांना कळलं नाही. त्या बाईंनी विचारलं, मंगळवारचं काय. मी उत्तराची सुरुवात शोधत पुढच्या फोटोचं बटण चाचपायला लागले. तेव्हा दाराशी उभा असलेला आतोदादा बोलला.

“मंगळवारी आमच्याकडे समुद्र बंद असतो, बाईसाहेब. त्या दिवशी भट्टीत मांजर झोपतं. मांजराला पण ही भट्टी पसंत पडली असती.”

कुणी हसलं नाही. मी पुढचा फोटो लावला. चुरा भिंतभर झाला. मग मात्र मी बोलले, पंधरा मिनिटं. फुगणारी पट्टी, एकच मूठ, तुटलेली डोकी, अकरा पहाटा. धूर खरंच कमी होतो आणि लाकूडही वाचतं हेही सांगितलं, कारण तेही खरं होतं. बाईंनी शेवटी एकच विचारलं, की इतके महिने कुणी पेटलेली भट्टी पाहिलीच नाही का. मी म्हणाले, नाही. सेलासी मॅडम खाली बघत होत्या. कागदांवरच्या तारखा त्याही दर आठवड्याला वाचत आल्या होत्या.

दोनशे भट्ट्यांची मंजुरी राहून गेली. चार वाजता ओपारेसाहेबांनी मला बोलावलं. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, तुम्ही सांगितलंत हे योग्यच केलंत. पण तीन महिने चुकीच्या दिवशी जाणाऱ्या माणसाला मी या जागेवर ठेवलं, तर पाहुण्यांना काय सांगू? जागा फिफीला गेली. मी मान डोलावली. बाहेर मॅडम उभ्या होत्या. त्यांनी माझा हात धरला. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही, फक्त भूक लागली, मोठी.

पुढच्या बुधवारी कार्यशाळेची गाडी अम्पेन्यीतल्या भट्ट्या परत आणायला निघाली. आतोदादा जाणार होता. मी आता कार्यशाळेची कुणी नव्हते, पण गाडीत माझ्यासाठी जागा ठेवून तो फाटकाशी थांबला होता. वाटेत आम्ही पावसाबद्दल बोललो.

मावशी छपरात बसली होती. बसली होती म्हणजे खरोखरच बसली होती, चुलीपासून लांब, हात मांडीवर. आजोआ आणि ती दुसरी बाई जाळ्या फिरवत होत्या. मी मावशीपुढे जमिनीवर बसले आणि गाडीत पाठ केलेलं बोलले.

“मावशी, तुझे हात म्हातारे नाही झाले. भट्टी चुकली होती. आमची चूक.”

मावशीनं माझ्या गालावरून हात फिरवला. “गुणाची पोर आहेस,” ती म्हणाली. “माझं मन राखायला एवढ्या लांब आलीस.”

मी पुन्हा सांगितलं, पट्टी कशी तापते, कशी फुगते. ती मान डोलावत राहिली, जशी मी तिच्या बोलण्यावर तीन महिने डोलावली होती. नोकरी गेली त्याहून हे कठीण होतं. खरं सांगायला आले होते आणि ते तिला नुसतं गोड वाटत होतं.

आतोदादा भट्टी उचलायला वाकला होता, तो तसाच उठला. किनाऱ्यावर गेला आणि तारलीची पाटी घेऊन आला, स्वतः विकत घेतलेली. आजोआकडून त्यानं खण भरून घेतले, भट्टी पेटवली आणि पँट वर ओढून उकिडवा बसला. अर्धा तास. शेजारच्या छपरांतल्या बायका एकेक करून येऊन उभ्या राहिल्या. एवढा मोठा पुरुष मासळी भाजतोय म्हटल्यावर कोण येणार नाही?

वेळ झाली. त्यानं मूठ धरली. चाळीस वर्षं लोखंड वाकवलेले हात ते, एकेक बोट गाजराएवढं. खण आला नाही. त्यानं जपून ओढला, नाही आला. उजवीकडे हलवला, डावीकडे हलवला, सगळ्या युक्त्या केल्या, भट्टी त्याचीच होती. शेवटी हिसका दिला. तारल्या कडेवर आदळल्या आणि फुटल्या. दुसरा खण. तिसरा. बायकांत खसखस पिकली आणि मग ती थांबली, कारण आतोदादा हसत नव्हता. त्यानं चारही खण ओढले आणि चुरा मावशीच्या पुढ्यात आणून ठेवला.

मावशी उठली. जवळ येऊन तिनं आधी खणात पाहिलं. मग त्याचे हात पाहिले, उलटे करून, सुलटे करून, अगदी सावकाश. मग त्याला म्हणाली, “डोळे धुवून ये. पाणी तिकडं आहे.”

मातीच्या भट्टीवर जाळ्या फिरवायची वेळ झाली होती. आजोआ एका टोकाला उभी होती, दुसरी बाई दुसऱ्या टोकाला. मावशीनं कमरेच्या फडक्याला हात पुसले आणि त्या दुसरीच्या खांद्याला बोट लावलं.

“सर तिकडं,” ती म्हणाली. “कशी धरलीयेस ती जाळी.”

ती बाई सरकली. आजोआनं मावशीकडे पाहिलं आणि आपलं टोक उचललं.